बर्फातली अखंड नोंदवही

छायाचित्र फार जुने आहे. मार्च १९०४ मधले. चारही बाजूंना पांढरेशुभ्र बर्फ पसरले आहे. त्या बर्फावर किल्ट घातलेला एक स्कॉटिश माणूस बॅगपाइप वाजवतो आहे आणि त्याच्यापुढे एक एम्परर पेंग्विन एखाद्या दर्दी रसिकासारखा उभा आहे. खरी गोष्ट अशी की त्या पेंग्विनला दोरीने बांधून उभे केले होते आणि वादनाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम झाला नव्हता. वाजवणाऱ्याचे नाव गिल्बर्ट कर. अंटार्क्टिकावरच्या अनेक पुस्तकांत हे छायाचित्र छापले गेले. पाहणारे हसले आणि त्यांनी पान उलटले. पण त्या वादकाला पृथ्वीच्या त्या टोकापर्यंत कोणी नेले, कशासाठी नेले आणि त्या माणसाच्या वाट्याला पुढे काय आले, ही कथा हसून सोडून देण्यासारखी नाही.

त्या मोहिमेचा नायक होता विल्यम स्पियर्स ब्रूस. दक्षिण ध्रुवाच्या इतिहासात स्कॉट, शॅकलटन, अमुंडसेन ही नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. त्याच काळात, त्याच समुद्रात वावरलेल्या ब्रूसचे नाव जाणकार आदराने घेतात. पण ते क्रमिक पुस्तकांत फारसे सापडत नाही. कारण सरळ आहे. ब्रूस ध्रुवाकडे धावलाच नाही. तो एका ओसाड बेटावर थांबला, तिथे दगडांची एक खोली बांधली आणि हवेचा दाब व तापमान लिहून ठेवू लागला. तो गेला, त्याचे सहकारी गेले, ते जहाजही गेले. पण त्या बेटावर १९०३ मध्ये सुरू झालेली नोंद आजही चालू आहे. अंटार्क्टिक प्रदेशातली हवामानाची इतकी जुनी आणि सलग नोंद दुसरी कुठलीही नाही.

वैद्यकीच्या वाटेवरून समुद्राकडे

ब्रूसचा जन्म १ ऑगस्ट १८६७ चा, लंडनमधला. वडील सॅम्युअल ब्रूस हे तिथे डॉक्टरी करणारे स्कॉटिश गृहस्थ, आई वेल्सची. घरात पैशांची ददात नव्हती. मुलानेही वडिलांच्याच मार्गाने जावे, असे ठरलेले होते आणि लंडनमध्ये वैद्यकीच्या शिक्षणाची तजवीजही झाली होती. १८८७ च्या उन्हाळ्यात हा वीस वर्षांचा मुलगा सुटीतल्या अभ्यासवर्गासाठी एडिंबरोला गेला. फोर्थच्या खाडीकाठी ग्रँटन येथे समुद्रजीवनाच्या अभ्यासाचे एक लहानसे केंद्र होते. समुद्रातले जीव हातात घेऊन पाहायचे, त्यांची चित्रे काढायची, पाण्याचे तापमान मोजायचे, असा तो वर्ग होता.

त्या वर्गातल्या शिक्षकांपैकी एक होते पॅट्रिक गेडिस. हे नाव मुंबईकरांना परके नाही. हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले आणि आपल्याकडच्या अनेक शहरांच्या रचनेचा त्यांनी अभ्यास केला. कोणतीही गोष्ट तिच्या जागी जाऊन पाहावी, बारकाईने नोंदवावी आणि मगच तिच्याविषयी बोलावे, ही त्यांची शिकवण. त्या काही आठवड्यांत ब्रूसचे मन फिरले. लंडनचा बेत त्याने रद्द केला आणि वैद्यकीसाठी एडिंबरोमध्येच नाव घातले. पुस्तके वैद्यकीची होती, पण रिकामा वेळ जात होता ‘चॅलेंजर’च्या कचेरीत. ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरचे महासागर तपासून आले होते आणि त्याने आणलेल्या नमुन्यांची छाननी एडिंबरोमध्ये वर्षानुवर्षे चालली होती. समुद्रविज्ञान म्हणजे काय, हे ब्रूस तिथे शिकला. तिथेच त्याच्या मनात स्कॉटलंडविषयी अभिमानही रुजला. जन्म लंडनचा असला तरी पुढे आयुष्यभर त्याने स्वतःला स्कॉटिशच मानले.

१८९२ मध्ये डंडी बंदरातून देवमाशांच्या शिकारीसाठी चार जहाजे दक्षिणेकडे निघाली. त्यांतल्या ‘बलीना’ या जहाजावर ब्रूसला जागा मिळाली. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट टाकून तो निघाला आणि पुन्हा कधी त्या वाटेला गेला नाही. पण हा प्रवास त्याच्यासाठी मोठा मनस्तापाचा ठरला. जहाज व्यापाराचे होते. हवे तसे देवमासे मिळाले नाहीत, तेव्हा खलाशांनी सीलची बेसुमार कत्तल आरंभली. कप्तानाला शास्त्रीय निरीक्षणांत रस नव्हता. समोर कोणीही न पाहिलेला किनारा दिसत होता, पण उतरायला होडी मिळत नव्हती. भरल्या ताटावरून उपाशी उठावे तसा ब्रूस १८९३ मध्ये परतला. मात्र येताना एक निश्चय घेऊन आला. पुन्हा इथे यायचे ते शिकाऱ्यांच्या मेहेरबानीने नव्हे, स्वतःच्या जहाजातून.

डोंगरमाथ्यावरची शाळा

त्या जहाजाला अजून दहा वर्षे होती. मधल्या काळात ब्रूसला एक विलक्षण नोकरी मिळाली. स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिस नावाचा डोंगर आहे. सुमारे १३४५ मीटर उंच, ब्रिटनमधला सर्वांत उंच. त्याच्या माथ्यावर १८८३ पासून हवामानाची वेधशाळा होती. दिवस असो, मध्यरात्र असो, दर तासाला बाहेर जाऊन उपकरणे वाचायची आणि आकडे वहीत लिहायचे, हे तिथले काम. हिवाळ्यात बर्फाखालून वाट काढावी लागे आणि वारा माणसाला उभे राहू देत नसे. १८९५-९६ मध्ये ब्रूसने तिथे काम केले.

या कामात नाट्य काहीच नाही. आजचा आकडा कालच्यासारखाच, उद्याचाही बहुधा तसाच. एका आकड्याला तशी किंमत नसते. पण तेच आकडे वीस, पन्नास, शंभर वर्षे एकाच जागी, एकाच पद्धतीने घेतले तर ते बोलू लागतात. आपल्या घरी आजी कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहायची, त्यातला एक दिवस राहिला की महिन्याचा सगळा मेळ बिघडायचा. हवामानाच्या नोंदीचेही तसेच आहे. खंड पडला की मागचे आणि पुढचे जोडणे अवघड होऊन बसते. हा धडा ब्रूसने बेन नेव्हिसवर गिरवला.

तिथून तो उत्तर ध्रुवाकडच्या फ्रान्झ जोसेफ बेटांवर गेला. पुढे मोनाकोचे राजे आल्बर्ट यांच्या जहाजावरून स्पिट्सबर्गेनच्या समुद्रात खोली मोजायला गेला. हे राजे स्वतः समुद्राचे अभ्यासक होते आणि त्यांनी ब्रूसला नेहमीच पाठबळ दिले. ब्रिटनमध्ये त्या काळी बर्फाळ प्रदेशांचा इतका अनुभव असलेली माणसे मोजकीच होती.

एक बेबनाव

याच सुमारास लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष सर क्लेमेंट्स मार्कहॅम दक्षिण ध्रुवासाठी राष्ट्रीय मोहीम उभारत होते. हीच पुढची ‘डिस्कव्हरी’ मोहीम, कप्तान स्कॉटची. ब्रूसने १८९९ मध्ये तिच्यासाठी अर्ज केला. उत्तराला फार विलंब लागला. दरम्यान ब्रूसने स्कॉटलंडमध्ये पैसे जमवून दुसरे जहाज पाठवण्याचा विचार मांडला. मार्कहॅम भडकले. आपल्या मोहिमेच्या तोंडचा घास काढून घेणारा हा खोडसाळपणा आहे, असा त्यांनी ग्रह करून घेतला. ब्रूसला जे पैसे मिळणार होते ते लंडनकडे वळणारे नव्हतेच; पण मार्कहॅम यांच्या मनातली अढी गेली नाही. या अढीची किंमत ब्रूसला आणि त्याच्या माणसांना पुढे मोजावी लागली.

पैसा आला तो पेझ्लीच्या कोट्स घराण्याकडून. शिवणाच्या दोऱ्याचे हे मोठे कारखानदार. आपल्याकडेही घरोघरच्या शिवणाच्या डब्यांत कोट्स नावाचे रीळ असायचे, तेच हे घराणे. मोहिमेला लागलेल्या सुमारे ३६ हजार पौंडांपैकी ३० हजार या एका कुटुंबाने दिले. देवमाशांच्या शिकारीचे एक नॉर्वेजियन जहाज विकत घेऊन त्याची दुरुस्ती करण्यात आली आणि त्याचे नाव ठेवले ‘स्कॉशिया’. २ नोव्हेंबर १९०२ रोजी ते ट्रून बंदरातून निघाले. कप्तान होता डंडीचा अनुभवी थॉमस रॉबर्टसन. बरोबर हवामानतज्ज्ञ रॉबर्ट मॉसमन, वनस्पतिशास्त्रज्ञ रडमोज ब्राउन, डॉक्टर हार्वी पिरी अशी निवडक मंडळी होती.

फेब्रुवारी १९०३ मध्ये ‘स्कॉशिया’ने वेडेल समुद्रात ७० अक्षांशांपर्यंत धडक मारली, पण पुढे बर्फाने वाट अडवली. हिवाळा काढायला आसरा हवा होता. मार्चअखेर जहाज साउथ ऑर्कने द्वीपसमूहातल्या लॉरी बेटाच्या एका खाडीत शिरले आणि तिथेच गोठून बसले. पुढचे आठ महिने ते हलले नाही.

दगडांची खोली

लॉरी बेट दक्षिण अक्षांश ६० च्या थोडे पलीकडे आहे. झाड नाही, झुडूप नाही. हिमनद्या, काळे कडे, सील आणि लाखो पेंग्विन. जवळची वस्ती शेकडो मैल दूर. इथे मंडळींनी किनाऱ्यावरचे दगड गोळा करून, चुना किंवा सिमेंट न वापरता, जाड भिंतींची सुमारे वीस फूट लांबरुंद खोली रचली. तिला नाव दिले ‘ओमंड हाउस’. रॉबर्ट ओमंड हे बेन नेव्हिस वेधशाळेचे पहिले प्रमुख आणि या मोहिमेचे खंदे पुरस्कर्ते. डोंगरमाथ्यावरच्या त्या शिस्तीचे ऋण ब्रूसने असे फेडले.

कामाची लगेच घडी बसली. दिवसरात्र हवेचा दाब, तापमान, वारा, ढग यांच्या नोंदी होऊ लागल्या. गोठलेल्या खाडीत भोके पाडून खालच्या पाण्याचे तापमान घेतले जाई, जाळी सोडून तळाचे जीव वर काढले जात. बेटाचा नकाशा तयार झाला. पक्षी कधी येतात, अंडी कधी घालतात, खाडी कधी गोठते, बर्फ कधी फुटते, हे सगळे वहीत उतरू लागले. थंडीने बोटे बधिर होत, वाऱ्याने कागद उडत. पण पाळी चुकत नसे.

६ ऑगस्ट १९०३ रोजी जहाजाचा इंजिनिअर अॅलन रॅमसे हृदयविकाराने गेला. त्याला बेटावरच पुरण्यात आले. त्या बेटावरची ती पहिली कबर.

नोव्हेंबरच्या अखेरीस बर्फ फुटले आणि ‘स्कॉशिया’ मोकळी झाली. कोळसा आणि सामान भरायला जहाज ब्युनोस आयर्सला निघाले. मॉसमन आणि आणखी पाच जण नोंदी चालू ठेवण्यासाठी मागे राहिले. ब्रूसच्या मनाला मात्र एकच घोर लागून राहिला होता. मोहीम आज ना उद्या संपेल. सगळे परत जातील. मग या वहीचे काय? एका वर्षाच्या आकड्यांना कोण विचारणार?

आपले मूल दुसऱ्याच्या ओटीत

ब्युनोस आयर्समध्ये ब्रूसने जे केले, ते त्याच्या आयुष्यातले सर्वांत दूरदृष्टीचे काम म्हटले पाहिजे. तिथल्या ब्रिटिश वकिलातीच्या संमतीने त्याने आपली वेधशाळा अर्जेंटिनाच्या सरकारला देऊ केली. अट एकच, नोंदी पुढे चालू राहाव्यात. अर्जेंटिनाच्या हवामान खात्याचे प्रमुख ग्वाल्तेरिओ डेव्हिस यांना तिचे मोल कळले. २ जानेवारी १९०४ रोजी अध्यक्ष रोका यांचा हुकूम निघाला आणि वेधशाळा स्वीकारली गेली.

‘स्कॉशिया’ लॉरी बेटाकडे परतली तेव्हा तिच्यावर तीन नवे लोक होते. एक जर्मन, एक उरुग्वेचा आणि एक अर्जेंटिनाचा. अर्जेंटिनाच्या या मुलाचे नाव उगो आकुन्या. वय अवघे अठरा. त्याच्याकडे टपालाचे कामही सोपवले होते. ज्या बेटावर पत्र पाठवायला कोणी नव्हते, तिथला तो पोस्टमास्तर. २२ फेब्रुवारी १९०४ रोजी वेधशाळा रीतसर सोपवली गेली. अर्जेंटिनात हा दिवस आजही अंटार्क्टिका दिन म्हणून पाळला जातो. मॉसमन आणि जहाजावरचा स्वयंपाकी नव्या लोकांना शिकवण्यासाठी आणखी काही काळ तिथेच राहिले.

या निर्णयावर पुढे टीका झाली. १९०८ मध्ये ब्रिटनने या बेटांवर आपला हक्क सांगितला, अर्जेंटिनानेही सांगितला, आणि ब्रूसने घरची दौलत परक्याला देऊन टाकली, असे म्हणणारे निघाले. पण घरच्या दौलतीचे घरात काय झाले, तेही पाहिले पाहिजे. ज्या बेन नेव्हिसवर ब्रूस घडला, ती वेधशाळा त्याच १९०४ साली, लॉरी बेटाच्या हस्तांतरानंतर काही महिन्यांतच, पैशांअभावी बंद पडली. एकवीस वर्षांची नोंद तिथेच थांबली. परक्याच्या ओटीत घातलेले मूल मात्र जगले, वाढले.

सोपवासोपव करून ब्रूस पुन्हा वेडेल समुद्रात शिरला. ३ मार्चला अंटार्क्टिक खंडाचा कोणालाही माहीत नसलेला किनारा दिसला. त्याला त्याने आश्रयदात्यांचे ‘कोट्स लँड’ हे नाव दिले. ७४ अक्षांशांपर्यंत जहाज पोहोचले. सुरुवातीला सांगितलेले छायाचित्र याच दिवसांतले. परतताना आणखी एक काम झाले. १८४३ मध्ये जेम्स रॉस यांनी याच समुद्रात चार हजार वाव दोर सोडूनही तळ लागला नसल्याचे नोंदवले होते, आणि तेव्हापासून नकाशावर तिथे अथांग खड्डा दाखवला जाई. ब्रूसने त्याच जागी दोर सोडला आणि २,६६० वावांवर तळ लागला. साठ वर्षांची चूक एका दुपारीत दुरुस्त झाली.

न मिळालेले पदक

जुलै १९०४ मध्ये ‘स्कॉशिया’ क्लाइड नदीच्या मुखाशी परतली. स्कॉटलंडमध्ये जोरदार स्वागत झाले, राजाची शुभेच्छांची तार आली, स्कॉटिश भूगोल संस्थेने सुवर्णपदक दिले. त्याच वर्षी स्कॉटच्या ‘डिस्कव्हरी’वरच्या माणसांना राजाकडून ध्रुवीय पदके मिळाली. ‘स्कॉशिया’च्या एकाही माणसाला ते मिळाले नाही.

हा सल ब्रूसच्या काळजात खोल रुतला. स्वतःपेक्षाही त्याला आपल्या माणसांचे दुःख होते. खाडीत गोठून आठ महिने काढणाऱ्या खलाशांचे, बेटावर मागे राहिलेल्या मॉसमनचे, रॅमसेच्या कबरीचे. तो अर्ज करत राहिला. मंत्र्यांकडे, संसदेच्या सदस्यांकडे, राजदरबारी. वर्षानुवर्षे. यामागे मार्कहॅमचाच हात आहे, असे त्याला अखेरपर्यंत वाटत राहिले. इथे ब्रूसची बाजू घेतानाही हे सांगायला हवे की तो लोकांना आपलेसे करणारा माणूस नव्हता. अबोल, भिडस्त, पण दुखावला गेला की काटेरी. सभा गाजवणे त्याला जमत नसे आणि मनातला राग त्याला सोडता येत नसे. संसारातही सुख कमीच. १९०१ मध्ये जेसी मॅकेंझीशी त्याचे लग्न झाले, एक मुलगा आणि एक मुलगी झाली. पण सततच्या मोहिमा आणि कायमची ओढाताण यांत ते घर विस्कटत गेले.

एडिंबरोमध्ये त्याने समुद्रविज्ञानाची प्रयोगशाळा काढली आणि मोहिमेचे शास्त्रीय निष्कर्ष खंडाखंडाने छापायला घेतले. पैसा कायम अपुरा. अंटार्क्टिक खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडण्याची योजना त्याने आखली, पण तिला पैसे मिळाले नाहीत. पुढे शॅकलटनने तशीच मोहीम काढली, तेव्हा ब्रूसने मत्सर न करता त्याला मदत केली. स्पिट्सबर्गेनमध्ये कोळशाच्या खाणी काढायचा उद्योग करून पाहिला, सेशेल्समध्ये देवमाशांच्या व्यवसायात हात घातला. कशातच यश आले नाही. १९१९ मध्ये प्रयोगशाळा बंद करावी लागली. प्रकृती आणि मन दोन्ही ढासळत गेले आणि २८ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षी, ब्रूस एडिंबरोमध्ये वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा १९२३ मध्ये साउथ जॉर्जिया बेटाजवळ दक्षिण समुद्रात विसर्जित करण्यात आली.

वही अजून उघडीच

आता पुन्हा लॉरी बेटाकडे वळू. अर्जेंटिनाने शब्द पाळला. त्या वेधशाळेला आज ‘ओर्कादास’ म्हणतात. १९२७ मध्ये तिथे बिनतारी संदेशयंत्र बसेपर्यंत वर्षातून एकदा येणारे जहाज हाच जगाशी संबंध होता. जहाज गेले की हिवाळाभर चार-पाच माणसे, कंदील, उपकरणे आणि वही. काही जण तिथेच गेले. रॅमसेच्या कबरीसह तिथे आज बारा कबरी आहेत. होसे मोनेता नावाच्या अर्जेंटिनाच्या कर्मचाऱ्याने १९२० च्या दशकात तिथे चार वर्षे काढली आणि त्यावर लिहिलेले पुस्तक त्याच्या देशात खूप वाचले गेले.

सुमारे चाळीस वर्षे अंटार्क्टिक प्रदेशातले ते एकमेव कायम ठाणे होते. अंटार्क्टिक खंडावरच्या बहुतेक वेधशाळा १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या सुमारास निघाल्या आणि उपग्रह तर त्यानंतर आले. म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडचे हवामान कसे होते, हे विचारायचे झाले तर लॉरी बेटाचीच वही उघडावी लागते. ती वही सांगते की तिथली हवा शंभर वर्षांत सुमारे दोन अंश सेल्सिअसने तापली. खाडी गोठण्याच्या आणि फुटण्याच्या तारखा १९०३ पासून आहेत. शेजारच्या सिग्नी बेटावरच्या ब्रिटिश ठाण्याच्या नोंदी त्यांना जोडून पाहिल्या तेव्हा दिसले की समुद्र गोठलेला राहण्याचा काळ पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. त्या बर्फावर क्रिल हा कोळंबीसारखा लहान जीव अवलंबून, क्रिलवर पेंग्विन, सील आणि देवमासे. पृथ्वी तापते आहे की नाही, हा वाद आज तावातावाने घातला जातो. त्याचे उत्तर देणाऱ्या पुराव्यांत दगडांच्या त्या एका खोलीतले आकडेही आहेत.

बेटांवरच्या हक्काचा वाद मिटला नाही. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने तो गोठवून ठेवला. करारात ठरले की या प्रदेशात विज्ञानाचे काम चालेल आणि त्याची माहिती सर्वांना खुली राहील. ब्रूसने पंचावन्न वर्षे आधी, कोणताही करार नसताना, नेमके हेच केले होते.

ओमंड हाउसच्या भिंती आता पडल्या आहेत, पण ते अवशेष ऐतिहासिक स्मारक म्हणून जपले आहेत. ‘स्कॉशिया’ १९१६ मध्ये जळाली. तिचे नाव मात्र त्या समुद्राला मिळाले, नकाशावर तो आज स्कॉशिया समुद्र आहे. मार्कहॅमचा राग, ब्रूसचे अर्ज, राजदरबारची नकारघंटा हे सारे फायलींत जाऊन पडले. पदक मिळाले असते तर ते एखाद्या संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात विसावले असते. ब्रूसला हे कळले असते का, आणि कळून त्याचे दुःख कमी झाले असते का, कोण जाणे. आपल्या माणसांना न्याय मिळावा, ही त्याची मागणी रास्तच होती.

पण त्याने मागे ठेवलेली गोष्ट कपाटात ठेवण्याजोगी नाही. तिला रोज माणूस लागतो. आजही ओर्कादासवर कोणीतरी थंडीवाऱ्यात आपली पाळी सांभाळतो आणि १९०३ पासून चालत आलेल्या रांगेत आणखी एक आकडा घालतो.